समान भाग

गटसाधन केंद्रात पंखे होते, वीज नव्हती.
पुण्याहून आलेला पोरगेला तज्ज्ञ
लॅपटॉपची बॅटरी संपायच्या आत
प्रेरणेच्या सात पायऱ्या उरकत होता.
मी वहीत पाचच उतरवल्या.
सहावीला डबे उघडले
आणि अडावदच्या निकुंभबाईंची कळण्याची भाकरी,
तिच्यावरचा हिरवा ठेचा,
यांनी चाळीस मास्तरांना जे जागं केलं
ते त्याच्या तक्त्यात कुठं बसेना.

हे मंगळवारी.
बुधवारी माझा वर्ग. चौथी.
चैत्र, सकाळची शाळा,
तरी साडेनवालाच वरचा पत्रा कडकड बोलतो.
टॅब म्हणतो: हजर एकवीस.
टॅब म्हणतो: अपूर्णांक.
टॅब एक पिझ्झा दाखवतो, आठ तुकडे.
पिझ्झा कुणी खाल्लाय?
दीपाली म्हणाली, यात्रेत पाहिलाय,
गाडीवर रंगवलेला.

मग मी केळीवर आले.
मला माझीच हुशारी वाटली.
शेजारच्या मळ्यातून घड आणवला,
फळ्याखाली उभा केला
आणि बावीस वर्षांच्या सवयीनं बोलले:
घडाच्या फण्या आठ,
तर एक फणी म्हणजे एक छेद आठ.

मागून रायमल बारेला उठला.
वर्षातले चार महिने तो शाळेत,
उरलेले बापामागं, कटाईवर.
टॅबमध्ये त्याचं नाव लाल असतं.
"बाई, चुकी गयं. नऊ शेतस."
मोजल्या. नऊच.
बरं, मग एक छेद नऊ, मी म्हटलं, बस.
तो बसला नाही.
"वरनी मोठी ऱ्हास, बाई. खालनी धाकली.
बठ्या सारख्या कश्या व्हतीन?"

पुस्तकातलं पहिलंच वाक्य:
पूर्णाचे समान भाग केले असता.
ते 'असता' मी किती वर्षं वाचतेय,
उंबऱ्यावर पाय देऊ नये
तसं ओलांडून पुढं जातेय.

पोषण आहाराच्या कमलताईंचा काटा आणला.
रायमलनं वरची फणी उचलली,
डोळे मिटले, म्हणाला, तीन.
काटा तीनवर थरथरला, थांबला.
पुढची पावणेतीन. पुढची अडीच.
पोरं बाकांवर चढली.
मीही एक उचलून सांगितली,
अर्ध्या किलोनं चुकले,
आणि वर्गाला इतका आनंद
माझ्या कुठल्याच बरोबर उत्तरानं झाला नव्हता.

नवांची बेरीज अठरा.
वरची फणी एक छेद सहा,
खालची एक छेद अठरा,
एकाच घडाच्या दोघी.
फळ्यावर हे लिहिताना खडू मोडला,
मोडला तो काही समान मोडला नाही.

तेवढ्यात दीपाली:
आणि दांडा, बाई? दांड्याचं वजन कुणाचं?
रायमल हसला. "ते व्यापारीले इचारा."

बारा वाजले. फण्या वाटल्या,
कुणाला तीन केळी, कुणाला पाच,
भांडण झालं, मिटलं.
टॅबनं विचारलं: घटक पूर्ण? हो, नाही.
मी नाही दाबलं.
दुपारी केंद्रप्रमुखांचा फोन:
बाई, आज तुमचा वर्ग लाल दिसतोय.
म्हटलं, हो साहेब, मलापण दिसतोय.

चोपड्याच्या रस्त्यावर स्कूटी चालवताना
केळीचे ट्रक दिल्लीकडं निघालेले.
मी प्रत्येकाचा अंदाज घेत होते,
ताडपत्रीखाली किती, दांड्याशिवाय किती.
सातवी पायरी कोणती होती
ते विचारायचं राहूनच गेलं.

सोमवारपासून रायमल नाही.
शिरपूरकडं कटाई लागलीय म्हणतात.
त्याची वही माझ्या कपाटात,
एका पानावर नऊ आकडे,
खाली माझी बरोबरची खूण,
जी मी त्याला द्यायची, की त्यानं मला,
अजून ठरलेलं नाही.

दांडा वर्गातच आहे, काळा पडत चाललेला.
बुधवारी नऊशे ग्रॅम भरला होता,
आज सहाशे.
दीपाली काट्याजवळून हलत नाही.
बाई, उरलेलं गेलं कुठं?

मी खडू खाली ठेवला
आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.